डावखुरा गवंडी

काका भिंतीजवळ पोचले की आधी उजव्या हाताचा हातमोजा काढायचे. थंडी कितीही असो. उघडा तळवा भिंतीला लावायचे, ‘जय भीम’ म्हणायचे आणि मगच आमच्याकडे वळून बोलायला लागायचे. भिंत कॉल्चेस्टरची. रोमन लोकांनी बांधलेली, जवळजवळ दोन हजार वर्षांची, जुन्या गावाभोवती साधारण पावणेदोन मैल. काका मूळचे नागपूरकडचे, राहायला इल्फर्डला. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत तीन वर्षं चार महिने भाड्यानं राहिले, म्हणून ही भिंत माझ्या वाट्याला आली.

त्या घरात नियम तीनच होते. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावायचं नाही. फ्रिजमधला खालचा कप्पा काकूंचा. आणि नवीन भाडेकरूचा पहिला शनिवार भिंतीचा. मी तेव्हा नव्या नोकरीत होते आणि शनिवारी मला फक्त झोपायचं होतं.

मी म्हटलं, “काका, पुढच्या शनिवारी जाऊ या का?”

“काहून? भिंत पुढच्या शनिवारी तिथंच राहील. तू राहशील का, ते मला माहीत नाही.”

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, “जा बाई, जाऊन ये एकदाची. नाही गेलीस तर रोज जेवताना ऐकावं लागेल. माझं तर तेच चाललंय लग्न झाल्यापासून.”

गेले. शेनफील्डला गाडी बदलून आम्ही पोचलो, आणि काकांनी मला पहिल्यांदा काय दाखवलं असेल, तर पार्कातली एक मोरी. गावात मोठा किल्ला आहे, त्याच्या खाली रोमन देवळाचा पाया आहे, पश्चिमेला रोमन वेस अजून उभी आहे. ते सगळं सोडून मी ओल्या गवतावर वाकून मोरी बघत होते.

“हा चुना बघ. गुलाबी दिसतो ना? ही सुरखी आहे. विटांचा चुरा करून चुन्यात घालायचा. आमच्याकडे विहिरीला हीच लावत. यांनी आमच्याकडून घेतली नाही, आम्ही यांच्याकडून घेतली नाही. दोघांनाही पाण्यानंच शिकवली.”

काका लंडनमध्ये आधी बिगारी होते, मग गवंडी, मग साइट सुपरवायझर. साठाव्या वर्षी कंबरेनं सांगितल्यावर थांबले. भिंतीबद्दल त्यांचं सगळं ज्ञान हातातून आलेलं होतं. भिंतीतली चौकोनी भोकं दाखवून ते सांगायचे की इथं परांचीचे वासे घातले होते, आणि दोन भोकांमधल्या अंतरावरून तिथला माणूस किती उंच होता याचा अंदाज करायचे. मी ते अंतर टेपनं मोजायला गेले की ओरडायचे, “मोजू नको. हात लाव. मोजायला मुकादम असतो.” मी तरी मनातल्या मनात मोजायची. दगडाचे चार थर, मग पातळ विटांचे चार, परत दगडाचे चार. हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी माझं नावच ठेवलं, मोजणीदार. “या मोजणीदार, बसा. आज किती दगड कमी आहेत?”

बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी ते वेशीसमोरच्या बाकावर बसायचे आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली चपाती आणि ठेचा काढायचे. कधी एखाद्या गाइडचा घोळका समोर उभा असायचा. गाइड सांगायचा की एका राणीनं बंड करून हे गाव जाळलं आणि त्यानंतर रोमन लोकांनी भिंत बांधली. काका घास चावत मराठीत मोठ्यानं म्हणायचे, “राणी आली, राजा आला. घमेलं घेऊन कोण आलं ते सांग ना बापा.” घोळक्यातले लोक वळून बघायचे. मी दुसरीकडे बघायची.

त्याच बाकावर त्यांनी मला त्यांच्या आजोबांचं सांगितलं. फक्त एकदा, आणि तेही चपाती संपवता संपवता. आजोबांनी गावातल्या देवळाच्या पायऱ्या बांधल्या. शेवटची पायरी बसवली त्या संध्याकाळी पुजारी म्हणाला, आता खाली उतर. ते उतरले ते परत कधी वर चढले नाहीत.

“मी मोठेपणी जाऊन बघितलं,” काका म्हणाले. “पायऱ्या एक सूतभर हलल्या नाहीत. बाजूला संगमरवरी पाटी आहे. पाटीवर देणगीदारांची नावं आहेत. अकरा.”

मोजू नको म्हणणाऱ्या माणसानं तेवढं मोजलेलं होतं.

उन्हाळ्यात गावात उत्सव असतो. किल्ल्याच्या पार्कात बँड वाजतो, ढोलवाले येतात, मुलं पुठ्ठ्याचे रथ पळवतात, समोश्यांचा स्टॉल लागतो, आणि रोमन शिपायांचे कपडे घातलेले पंधरा-वीस पुरुष भाले घेऊन फिरतात. एका वर्षी काका त्यातल्या सर्वांत उंच तुऱ्याच्या शिपायासमोर जाऊन उभे राहिले.

“तुझी कुदळ कुठे आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“माझी काय?”

“कुदळ. तुझ्यासारखे लोक लढायला वर्षातून चार दिवस जायचे. बाकीचे दिवस खणायचे आणि बांधायचे. तलवार सगळ्यांकडे दिसते. कुदळ एकाकडेही नाही.”

तो माणूस एरवी इलेक्ट्रिशियन होता. मला वाटलं, रागावेल. पुढच्या वर्षी त्यानं शंभर फुटांवरून काकांना ओळखलं आणि नवीकोरी कुदळ डोक्यावर उंच धरून हलवली. त्यानंतर शिपायांच्या तंबूत काकांसाठी एक खुर्ची कायमची ठेवलेली असायची.

पण काकांचा खरा लाडका माणूस भिंतीच्या दक्षिण बाजूला, एका दुकानाच्या मागच्या गल्लीत होता. तिथं भिंतीचा अठरा फुटांचा एक तुकडा आहे. समोर कचऱ्याचे मोठे डबे असायचे, म्हणून कुणी फिरकत नसे. काका डब्यांच्या वरून हात घालून तिथल्या दर्जा दाखवायचे, म्हणजे दोन विटांच्या मधल्या, चुन्यानं भरलेल्या फटी. बाकीच्या भिंतीत थापीचा फटकारा एका दिशेनं ओढलेला आहे, इथं उलट दिशेनं.

“इथला गवंडी डावखुरा होता. मुकादम त्याला रोज बोलायचा. म्हणून त्याला असा कोपरा दिला जिथं कोणाची नजर जाणार नाही. पण बघ, त्याची एक वीट निसटली नाही. माझा माणूस आहे हा.”

ही गोष्ट ते फार सुंदर सांगायचे. डाव्या हातात थापी धरल्याचा अभिनय करायचे, मुकादमाच्या आवाजात ओरडायचे. मी ती अकरा वेळा ऐकली आणि अकराही वेळा मला ती खरी वाटली.

पुढे माझं लग्न झालं, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली, आम्ही मेडनहेडला घर घेतलं. काकांचा फोन महिन्यातून एकदा यायचा. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा म्हणाले, “मी गाइडचा कोर्स केला. लेखी परीक्षा पास झालो. आता प्रॅक्टिकल राहिली.”

तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. झालं असं होतं की आदल्या उत्सवात ते नेहमीप्रमाणे लोकांना गोळा करून भिंत दाखवत होते. एका स्वयंसेवकानं नम्रपणे सांगितलं, की उत्सवात फक्त बिल्ला असलेल्या गाइडनाच टूर घेता येते. त्याचं काही चुकलं नव्हतं. काका घरी आले आणि तिसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

“बिल्ल्याशिवाय काय अडलंय, काका?” मी विचारलं.

“अडलं काही नाही. पण भिंतीबद्दल बोलताना मला परत कोणी खाली उतर म्हणू नये.”



परीक्षा उत्सवातल्या शनिवारी होती. नव्वद मिनिटांची टूर, एक परीक्षक बाई आणि सोबत आठ सामान्य माणसं. काकांनी मला त्या आठांत घातलं. आदल्या शनिवारी रंगीत तालीम म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना वाटेत शिपायांच्या तंबूवाले भेटले, म्हणून मी पुढे होऊन त्या गल्लीत थांबले. डबे हलवलेले होते. दुकान बंद पडलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला तो तुकडा जमिनीपासून वरपर्यंत दिसला, आणि मी सवयीनं मोजायला लागले.

विटांचे थर चार नव्हते. तीन होते. मग दगडाचे दोन, मग विटांचे सहा, मग पाच. मी पुन्हा खालून मोजलं, मग वरून. अगदी खाली, जिथं डब्यांची चाकं असायची, तिथं एक कोरलेला दगड होता. चर्चच्या खिडकीच्या चौकटीला असते तशी त्याला उतरती कड होती. रोमन लोकांनी भिंत बांधली तेव्हा या गावात चर्च नव्हतं. मी फोटो काढले आणि काका आल्यावर त्यांना काही सांगितलं नाही.

सोमवारी मी म्युझियमला ईमेल केली. मंगळवारी उत्तर आलं, सोबत भिंतीचा नकाशा. तो अठरा फुटांचा तुकडा वेगळ्या रंगात होता. भिंत तिथं ढासळली होती आणि रोमन लोकांनी बांधल्यावर तेराशे वर्षांनी कुणीतरी ती पुन्हा बांधली होती. विटा पडलेल्या रोमन भिंतीतल्याच होत्या. हात नंतरचा होता.

मी आधी काकांच्या मुलीला फोन केला. ती इथंच जन्मलेली, डॉक्टर आहे, चाळिशीची.

“ताई, प्लीज, टेस्ट होऊ दे ना,” ती म्हणाली. “नंतर सांग. तो डावखुऱ्याचा गोष्ट बाबाचा बेस्ट गोष्ट आहे. तो त्याच्यावर टूर एंड करतो. एक्झॅमिनरला कुठे माहीत असणार?”

“असलं तर?”

“आणि नसलं तर? तू त्याला फोर डेज आधी सांगणार, आणि तो जाणारच नाही. आय नो हिम.”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी एक रात्र विचार केला. चूक माहीत असताना मला गप्प बसता येत नाही. हा गुण आहे असं माझं म्हणणं नाही. नोकरीत त्याचा पगार मिळतो आणि घरात बोलणी मिळतात. बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी इल्फर्डला गेले.

काका बैठकीच्या खोलीत स्टॉपवॉच लावून भिंतीवरच्या कॅलेंडरला टूर देत होते. मी फोटो आणि नकाशा टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“किती वेळा मोजलंस?”

“तीनदा.”

“खालून का वरून?”

“दोन्हीकडून.”

“आणि हा दगड चर्चचा.”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला. “ही गोष्ट मी किती लोकांना सांगितली असेल?”

“वर्षाला साधारण तीस शनिवार धरले, आणि दर वेळी पाच—”

“थांब. मी हिशेब नाही मागितला.”

काकूंनी चहा आणला. तो तसाच राहिला. काका म्हणाले, “जा तू. तुझी ट्रेन आहे.” दारापर्यंत सोडायला काकू आल्या. “तू बरं केलंस की वाईट, ते मला शनिवारी कळेल,” एवढंच म्हणाल्या. त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या. त्या दिवशी चिडल्या होत्या की नाही, मला अजून सांगता येणार नाही.

गुरुवारी फोन नाही. शुक्रवारी मी केला, तो उचलला नाही.

शनिवारी पावणेअकरा वाजता मी वेशीपाशी होते. पार्काकडून ढोल ऐकू येत होते. अकराला तीन मिनिटं कमी असताना काका आले. इस्त्रीचा शर्ट, पायात साइटवरचे जुने बूट. माझ्याकडे बघितलं नाही. परीक्षक बाई साठीच्या असतील, रेनकोट आणि हातात फॉर्मचं पॅड. टूर सुरू झाली. काका चांगलं बोलत होते, पण अभिनय नव्हता, मुकादमाचा आवाज नव्हता. वेस, परांचीची भोकं, मोरी. मार्ग त्यांनी स्वतः ठरवलेला होता. गल्ली गाळली असती तरी कुणाला कळलं नसतं, आणि मला वाटत होतं की ते गाळतील.

एक तास चार मिनिटांनी ते गल्लीत वळले.

“इथं मी तुम्हाला एका डावखुऱ्या रोमन गवंड्याची गोष्ट सांगणार होतो,” ते त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले. “बावीस वर्षं सांगतोय. ती चूक आहे. मागच्या शनिवारी या बाईंनी थर मोजले.” बाकीच्या सातही जणांनी माझ्याकडे बघितलं. “मी गवंडी आहे. गवंड्याला दुसऱ्या गवंड्याचा हात ओळखता येतो. तो डावखुरा होता, हे मी अजून म्हणतो. पण हात कोणत्या काळातला, ते हाताला कळत नाही. त्यासाठी मोजावं लागतं. मी मोजलं नाही, कारण मला तो माणूस फार आवडला होता.”

ते वाकले आणि खालच्या कोरीव दगडावर बोट ठेवलं.

“हा तेराशे वर्षांनी आला. भिंत पडलेली होती. नवीन बांधणाऱ्याला सगळं सामान नवं मिळतं. याला काय मिळालं? दुसऱ्यांच्या पडलेल्या विटा आणि चर्चचा फुटका दगड. त्याचे थर जुळत नाहीत, कारण त्याच्याकडे जुळणारं सामानच नव्हतं. तरी भिंत उभी आहे. त्याचंही नाव कोणाला माहीत नाही.”

घोळक्यात एक उंच म्हातारा होता, छत्री घेतलेला. तो म्हणाला, “मग सकाळपासून जे बाकीचं सांगितलंत, ते बरोबर आहे हे आम्ही कशावरून समजायचं?”

“समजू नका,” काका म्हणाले. “तुमची छत्री माझ्याकडे द्या आणि मोजा.”

त्यानं खरंच छत्री दिली. मग त्याच्या बायकोनं पर्स दिली. सात माणसं त्या अठरा फुटांत वाकून थर मोजायला लागली, आपापसात भांडायला लागली, एक बाई तर ‘चार, चार, इथं परत चार!’ म्हणत शेजारच्या खऱ्या रोमन तुकड्यापर्यंत गेली. काका हातात छत्री, पर्स आणि दोन पिशव्या घेऊन उभे होते. परीक्षक बाई घड्याळाकडे बघत होत्या. मीही बघत होते. टूर संपली तेव्हा दोन तास चार मिनिटं झाली होती, म्हणजे चौतीस मिनिटं जास्त.

लोक गेल्यावर बाईंनी पॅड पुढे धरलं. “तुम्ही मला अडचणीत टाकलंय,” त्या म्हणाल्या. “इथे एक रकाना आहे, माहितीची अचूकता. यात काय लिहू?”

काकांनी पिशव्या परत करून मोकळे झालेले हात पॅन्टला पुसले.

“आजपासून, असं लिहा.”

बाईंनी तसंच लिहिलं. मी शेजारीच होते, इंग्रजीतले दोन शब्द स्पष्ट दिसले. वेळेच्या रकान्यात मात्र त्यांनी चौतीस मिनिटं लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

बाई गेल्यावर काका तिथंच एका दगडी कठड्यावर बसले. मी म्हटलं, “काका, मी परीक्षा झाल्यावर सांगायला हवं होतं का?”

“झाल्यावर सांगितलं असतंस, तर मी तुला घरात घेतलं नसतं,” ते म्हणाले. “आणि आधी सांगितलंस, म्हणून तीन रात्री झोपलो नाही. तुझ्यासारख्या माणसाशी कसं वागावं हे कळत नाही बाप्पा.”

पत्र तीन आठवड्यांनी आलं. पास, एका अटीवर. टूर नव्वद मिनिटांत संपली पाहिजे. पहिल्या टूरला समितीचा माणूस हजर राहील, आणि वेळ ओलांडली तर बिल्ला परत घेतला जाईल. काकूंनी मला ते पत्र फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मधल्या काळात काकांनी त्यांच्या बाकीच्या गोष्टीही तपासून घेतल्या. एकतीस होत्या. त्यांतल्या नऊ त्यांनी स्वतःच काढून टाकल्या. माणसांच्या उंचीचा तो अंदाजही त्यांत गेला.

पहिली टूर सप्टेंबरमध्ये होती. एकोणीस लोक आले, तुऱ्याचा शिपाईही साध्या कपड्यांत आला. समितीचा माणूस गर्दीच्या मागे उभा होता, पण मधेच त्याला फोन आला म्हणून तो वेळेच्या नोंदीचा कागद माझ्या हातात देऊन निघून गेला. माझ्यासारख्या दिसणाऱ्या बाईवर लोक अशी कामं सहज सोपवतात. काका दक्षिणेच्या गल्लीत डावखुऱ्या गवंड्यावर थोडे रेंगाळले. पण मग चाल वाढवली, वेशीपाशी आले आणि लोकांचे आभार मानले.

मी घड्याळ बंद केलं. एक तास एकतीस मिनिटं. कागदावर मी नव्वद लिहिलं आणि सही केली.